अनाहूत संदेशांचा बंदोबस्त : विंडोज ‘मेसेंजर सर्व्हिस’चा एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा नव्या शोधांचे आणि ते लावणाऱ्यांचे असते. एखादी सोय बंद का करावी लागली, आणि ती बंद होण्यास विलंब का लागला, या प्रश्नांकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. विंडोज या कार्यप्रणालीतील ‘मेसेंजर सर्व्हिस’ ही अशीच एक विस्मृतीत गेलेली सोय होय. २००२ ते २००४ या काळात तिच्याद्वारे घरगुती संगणकांच्या पडद्यावर जाहिरातींचे संदेश अवचित उमटत असत. ते थांबविण्याचा उपाय विनामूल्य होता. तरीही तो उपाय विकणारे व्यवसाय उभे राहिले. या विसंगतीची कारणे शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

‘पॉप-अप’ हा शब्द त्या काळी दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जाई व पुष्कळसा घोळ त्यातूनच झाला. पहिला प्रकार ब्राउझरमधील जाहिरातीच्या खिडकीचा. नेटस्केप ब्राउझरच्या जावास्क्रिप्ट भाषेत नवी खिडकी उघडण्याची आज्ञा उपलब्ध होती. व्यक्तिगत पाने ठेवू देणाऱ्या ‘ट्रायपॉड’ या संकेतस्थळासाठी ईथन झुकरमन यांनी तिचा उपयोग केला. एका मोटार कंपनीची जाहिरात अश्लील पानावर झळकल्याने ती नाराज झाली होती, म्हणून जाहिरात पानापासून वेगळी काढण्यात आली. पुढे २०१४ मध्ये झुकरमन यांनी याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. ऑपेरा, मोझिला यांसारख्या ब्राउझरांनी अशा खिडक्या अडविण्याची तजवीज तुलनेने लवकर केली.

दुसरा प्रकार मात्र ब्राउझरच्या कक्षेबाहेरचा होता. कोणतेही संकेतस्थळ न उघडता, केवळ इंटरनेटची जोडणी चालू असताना ‘मेसेंजर सर्व्हिस’ असे शीर्षक असलेली करडी चौकट पडद्यावर येई. तिच्यात चित्र नसे, क्लिक करता येईल असा दुवाही नसे. साधा मजकूर आणि खाली ‘ओके’चे बटण एवढेच. ब्राउझरसाठी बसविलेला पॉप-अप रोधक तिच्यापुढे निष्प्रभ ठरे.

कार्यालयातून घरात

या सेवेचा उगम कार्यालयीन संगणक-जालात आहे. सर्व्हर थोड्या वेळात बंद होणार आहे, छपाई पूर्ण झाली आहे, अशा सूचना जालातील संगणकांवर पोहोचविण्यासाठी ती विंडोज एनटीमध्ये दिलेली होती. ‘नेट सेंड’ ही आज्ञा दिली की संदेश समोरच्याच्या पडद्यावर उमटे. महाविद्यालयात शिपाई सूचनावही घेऊन वर्गावर्गांत फिरतो, तसाच हा प्रकार. शिपाई ओळखीचा, सही प्राचार्यांची, म्हणून वहीची शहानिशा कोणी करीत नाही. एकाच इमारतीतील संगणकांपुरता हा विश्वास अनाठायी नव्हता.

विंडोज ९५, ९८ आणि मी या घरगुती आवृत्त्यांचा वंश वेगळा होता. २५ ऑक्टोबर २००१ रोजी विक्रीस आलेल्या विंडोज एक्सपीने एनटीचा वंश घराघरांत नेला आणि त्याबरोबर ही सेवाही, तीही मूळ मांडणीतच चालू अवस्थेत, घरात आली. एक्सपीमध्ये फायरवॉल होता, परंतु तो सरसकट चालू ठेवलेला नव्हता. परिणामी सूचनावही घेऊन जगातील कोणीही थेट घरात येऊ शकत होता. यूडीपी पद्धतीने धाडलेल्या संदेशावर प्रेषकाचा पत्ता खोटा घालता येत असल्याने सही कोणाची, हेही कळत नसे. २००२ च्या उत्तरार्धात असे संदेश घाऊक प्रमाणात पाठविणारे सॉफ्टवेअर बाजारात आले आणि पदव्या विकणाऱ्यांपर्यंत अनेकांनी ही वाट धरली.

बंदोबस्ताची वाट साधी होती. ‘कंट्रोल पॅनेल’मधील ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्स’, त्यातील ‘सर्व्हिसेस’, तेथील यादीत ‘मेसेंजर’ शोधून सेवा थांबवायची व ती पुन्हा सुरू होणार नाही अशी नोंद करायची. परंतु ज्याने संगणक पत्र लिहिण्यासाठी वा मुलांच्या अभ्यासासाठी घेतला, त्याला या यादीचे अस्तित्वच ठाऊक असण्याचे कारण नव्हते. भरीस भर म्हणजे गप्पांसाठीच्या ‘विंडोज मेसेंजर’ व ‘एमएसएन मेसेंजर’ या प्रोग्रॅमांशी नामसाधर्म्य. ते काढून टाकले तरी चौकटी येतच राहत. गिब्सन रिसर्च कॉर्पोरेशनने ‘शूट द मेसेंजर’ हे सेवा बंद करणारे छोटे साधन फुकट दिले, पण ते शोधण्यासाठीही मुळात रोगाचे नाव माहीत असावे लागे.

रोग आणि औषध

नेमक्या याच अज्ञानावर एक व्यवसाय उभा राहिला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नोव्हेंबर २००३ मध्ये सॅन डिएगो येथील डी स्क्वेअर्ड सोल्यूशन्स या कंपनीविरुद्धची कारवाई जाहीर केली. आयोगाच्या आरोपानुसार ही कंपनी मेसेंजर सर्व्हिसद्वारे, प्रसंगी दर दहा मिनिटांनी, संदेश पाठवी. आणि त्या संदेशांत जाहिरात असे ती असेच संदेश थांबविणाऱ्या सॉफ्टवेअरची. किंमत सुमारे २५ ते ३० डॉलर. उपद्रव स्वतःच निर्माण करायचा आणि त्याच्या निवारणाचे मोल घ्यायचे, असे आयोगाचे म्हणणे होते. ऑगस्ट २००४ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले व कंपनीवर असे संदेश पाठविण्यास बंदी आली.

कंपनीचा दोष नाकारण्याचे कारण नाही, परंतु सारा दोष तिच्या पदरात टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. एप्रिल २००३ मध्ये आलेल्या विंडोज सर्व्हर २००३ मध्ये हीच सेवा मूळ मांडणीत बंद ठेवलेली होती. म्हणजे जेथे जाणकार व्यवस्थापक असतो तेथे दार लावून दिले गेले आणि जेथे कोणी जाणकार नाही तेथे ते उघडेच राहिले. १५ ऑक्टोबर २००३ रोजी मायक्रोसॉफ्टने एमएस०३-०४३ हे सुरक्षा-पत्रक काढले. या सेवेतील त्रुटीमुळे परक्याला संगणकाचा ताबाही मिळू शकतो, हे त्यातून उघड झाले. करडी चौकट ही केवळ कटकट नव्हती, दार उघडे असल्याची ती खूण होती. नुसती सेवा बंद केल्याने खूण नाहीशी होई, बाकीची दारे मात्र तशीच राहत. त्याच महिन्यात अमेरिका ऑनलाइनने आपल्या ग्राहकांच्या संगणकांवरील ही सेवा परस्पर बंद करण्यास प्रारंभ केल्याचे प्रसिद्ध झाले. हेतू हिताचा असला, तरी मालकाला न विचारता त्याच्या घरात शिरण्याचाच हा दुसरा प्रकार नव्हे काय, अशी शंका घेण्यास जागा उरते.

ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा ‘सर्व्हिस पॅक २’ आला. त्याने मेसेंजर सर्व्हिस मूळ मांडणीतच बंद केली, फायरवॉल चालू केला आणि इंटरनेट एक्स्प्लोररला पॉप-अप रोधक दिला. पैसे देऊन वा न देऊन जे शोधावे लागत होते, ते हा पॅक बसविलेल्या संगणकांवर आपसूक झाले. २००७ च्या प्रारंभी ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टात ही सेवा ठेवलेलीच नव्हती.

२०१५ पासून क्रोम ब्राउझरमध्ये संकेतस्थळांना पडद्यावर सूचना धाडण्याची मुभा मिळाली, अर्थात संगणकाच्या मालकाने परवानगी दिली तर. जाहिरातदार त्याही वाटेने आले, आणि २०२० मध्ये क्रोमला ही परवानगी मागण्याची पद्धत काही प्रसंगी अधिक सौम्य करावी लागली. या वेळी दार बंद अवस्थेत दिलेले होते. ते उघडण्यासाठी घरमालकाची मनधरणी करावी लागत होती, इतका पालट मात्र झाला होता.