फुरिलो, फ्रँक

‘हिल स्ट्रीट ब्लूज’ ह्या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेतील पोलीस कॅप्टनची मध्यवर्ती व्यक्तिरेखा. स्टीव्हन बोच्को व मायकेल कोझोल ह्यांनी निर्मिलेली ही मालिका १५ जानेवारी १९८१ ते १२ मे १९८७ ह्या काळात ‘एनबीसी’वरून सात पर्वांत प्रक्षेपित झाली; तिचे एकूण १४६ भाग आहेत. प्रारंभी प्रेक्षकवर्ग अल्प असूनही पहिल्याच वर्षी तिला आठ एमी पारितोषिके लाभली. फुरिलोची भूमिका करणाऱ्या डॅन्येल जे. ट्रॅव्हँटी ह्या नटास १९८१ व १९८२ ह्या दोन्ही वर्षी हे पारितोषिक मिळाले.

पूर्वीच्या पोलीस-मालिकांतील नायक बहुधा निर्दोष असे. ‘ड्रॅगनेट’मधील (१९५१–५९) सार्जंट जो फ्रायडे मुख्यत्वे तपासापुरताच दिसतो, त्याच्या खासगी जीवनाला कथानकात फारसे स्थान नाही. फुरिलो हा एका अनामिक महानगरातील दरिद्री वस्तीच्या ठाण्याचा प्रमुख होय. टोळ्यांचे म्होरके, वरिष्ठांचे राजकारण व हाताखालील माणसांचे स्वभावदोष ह्यांतून वाट काढणे हेच त्याचे मुख्य काम. तो स्वतः मद्यासक्तीतून सावरलेला व घटस्फोटित आहे. सरकारी बचाव-वकील जॉइस डेव्हनपोर्ट हिच्याशी असलेला प्रेमसंबंध तो आरंभी गुप्त ठेवतो. दिवसा न्यायालयीन कामात मात्र ती त्याची प्रतिपक्षी असते.

त्याची करुणा ह्या वैगुण्यातूनच उद्भवते. पहिल्या पर्वाच्या अखेरीस मद्यपी गुप्त पोलीस लारू हा व्यसनमुक्तीच्या सभेस नाइलाजाने जातो, तेव्हा तेथे त्याला आपला कॅप्टनच सभासद म्हणून बसलेला आढळतो. उपदेशापेक्षा हे समदुःखित्व अधिक परिणामकारक ठरते.

तथापि ही करुणा त्याला प्रमादापासून वाचवीत नाही. डेव्हिड मिल्चलिखित ‘ट्रायल बाय फ्यूरी’ (१९८२) ह्या भागात एका ख्रिस्ती जोगिणीवर बलात्कार करून तिची हत्या केली जाते. पुरेशा पुराव्याच्या अभावी फुरिलो संशयितांना मोकळे सोडण्याची तजवीज करतो आणि बाहेरच्या संतप्त जमावाचे भय दाखवून त्यांच्याकडून कबुली मिळवितो. गुन्हा सिद्ध होतो; परंतु कायद्याचा रक्षक झुंडशाहीचा आश्रय घेतो, हा डेव्हनपोर्टचा आक्षेप अनुत्तरित राहतो. शेवटी फुरिलो धर्मगुरूपुढे पापनिवेदनास जातो. दुसऱ्यांकडून कबुली मिळविणाऱ्यावर स्वतः कबुली देण्याची पाळी यावी, ह्यातच ह्या भागाचे नैतिक सामर्थ्य आहे.

पुढे लिंडा ला प्लांट हिने निर्मिलेल्या ‘प्राइम सस्पेक्ट’ (१९९१–२००६) ह्या ब्रिटिश मालिकेतील जेन टेनिसन ही पथकप्रमुखही (अभिनेत्री हेलन मिरेन) मद्यासक्त व एकाकी, पण बळी पडलेल्यांविषयी विलक्षण कळकळ बाळगणारी आहे. नेत्याचा अधिकार त्याच्या निर्दोषत्वावर नव्हे, तर स्वतःच्या दोषांच्या जाणिवेवर उभा असू शकतो, हा विचार पोलीस-मालिकांत रुजविण्याचे बरेचसे श्रेय फुरिलो ह्या व्यक्तिरेखेस द्यावे लागते.