पन्नासांपैकी बारावी प्रत

मुद्राचित्राच्या खालच्या कडेला चित्रकाराची पेन्सिलीतील सही असते आणि तिच्या बाजूस ‘१२/५०’ असा एखादा आकडा असतो. पन्नास प्रतींपैकी ही बारावी, एवढाच त्याचा अर्थ. या आकड्यालाही इतिहास आहे. ताम्रपटावरील रेषा दाबाखाली झिजत. ड्रायपॉइंट पद्धतीत तर थोड्याच प्रती उत्तम निघत. म्हणजे प्रतींची मर्यादा ही मुळात धातूची मर्यादा होती. पुढे अधिक प्रती काढणे शक्य झाले, तरी त्या मोजक्याच काढण्याचा व नंतर पत्र्यावर ओरखडे ओढून तो बाद करण्याचा प्रघात पडला. मर्यादा धातूकडून चित्रकाराच्या शब्दाकडे आली. संगणकनिर्मित अमूर्त चित्रांच्या इतिहासात या शब्दाची खरी कसोटी लागली, असे आम्हांस वाटते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना सुखद वाटावे असे की, या इतिहासाचा एक आरंभ शब्दांपाशी आहे. १९५९ साली तेओ लुत्झ यांनी तत्त्वज्ञ माक्स बेन्झे यांच्या प्रेरणेने श्टुटगार्टमध्ये काफ्काच्या ‘द कॅसल’ या कादंबरीतील सोळा उद्देश्ये व सोळा विधेये संगणकास पुरविली आणि यादृच्छिक अंकांच्या आधारे त्यांची वाक्ये जुळवून घेतली. सहा वर्षांनी, फेब्रुवारी १९६५ मध्ये, बेन्झे यांनी त्याच शहरात गेओर्ग नेस यांच्या संगणकीय रेखाटनांचे प्रदर्शन मांडले. नेस आज्ञावली लिहीत. प्लॉटर या यंत्राचे पेन तिच्यानुसार कागदावर फिरे. जमलेले चित्रकार संतापले, तेव्हा त्यांना शांत करण्यासाठी बेन्झे यांनी ‘कृत्रिम कला’ असा शब्द योजला.

नेस यांचे ‘शोटर’ (अर्थ: खडी) हे चित्र पाहावे. बारा चौकोनांच्या बावीस ओळी. वरच्या ओळी शिस्तीत, खाली येता येता एकेक चौकोन कलंडतो, सरकतो, विस्कटतो. आज्ञावली तीच ठेवून यादृच्छिक अंक बदलले, तर दुसरी ‘खडी’ मिळेल. मग तिसरी, लाखावी. म्हणूनच नेस यांच्यासोबत नोव्हेंबर १९६५ मध्ये चित्रे मांडणारे फ्रीडर नाके पुढे सातत्याने म्हणत आले की, असे एकेक चित्र हा एका संपूर्ण वर्गाचा नमुना असतो. तरीही नाके यांच्या पॉल क्ले यांना अर्पिलेल्या १९६५ च्या रेखाटनाचे स्क्रीनप्रिंट मोजक्या, क्रमांकित प्रतींतच निघाले. अनंत शक्यतांतून एक निवडायची आणि तिच्याही प्रती मोजून थांबायचे, असा हा दुहेरी संयम होता.

मग कर्ता कोण? अमेरिकेत मायकेल नोल यांनी आपल्या एका संगणकीय चित्राच्या स्वामित्वहक्काची नोंद मागितली, तेव्हा चित्र यंत्राने काढले आहे म्हणून ती नाकारण्यात आली. आज्ञावली माणसाने लिहिली आहे, हे त्यांनी सांगितले. तर यादृच्छिकता आड आली. ते अंक यादृच्छिक भासले तरी काटेकोर गणितातून निघतात, हे पटवून दिल्यावरच नोंद झाली.

बुडापेस्टला जन्मलेल्या आणि पॅरिसला स्थायिक झालेल्या वेरा मोल्नार यांनी हा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडविला. १९५९ पासून त्या ‘काल्पनिक यंत्र’ चालवीत: आधी नियम ठरवायचा, मग त्याच्या शक्यता हाताने रेखाटायच्या. प्रत्यक्ष संगणक त्यांना १९६८ मध्ये मिळाला. जुलै २०२३ मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी, त्यांनी मार्टिन ग्रासर यांच्या साह्याने ५०० अंकीय चित्रांची मालिका सादर केली. येथे आवृत्तीचा अर्थच पालटला: पूर्वी पन्नास प्रती एकसारख्या असत, येथे पाचशेंपैकी प्रत्येक निराळी. समान होता तो केवळ नियम. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मोल्नार यांचे निधन झाले.

वृत्त शिकविताना आम्ही सांगतो की, एका वृत्तात अगणित ओळी संभवतात, पण वृत्त म्हणजे कविता नव्हे. आज्ञावलीचेही तसेच आहे. यंत्र थकत नाही, पत्रा झिजत नाही. ‘पुरे’ एवढे मात्र माणसालाच म्हणावे लागते. आज एका वाक्याच्या मागणीवर हवी तितकी चित्रे पडद्यावर येत असताना तो पेन्सिलीतला आकडा आम्हांस बाजाराच्या युक्तीहून अधिक काही वाटतो. बाजाराने त्याचा लाभ घेतला, हे खरेच. पण निवडीची आणि थांबण्याची जबाबदारी कोणीतरी स्वतःच्या सहीने स्वीकारली होती, याची ती नोंद आहे.