स्कायडायव्हिंगच्या पहिल्या उडीत डोकं ‘ब्लँक’ का होतं? आणि ते होऊ नये म्हणून काय शिकवतात?

वर्धा शहरातून सेवाग्राम आश्रम साधारण 8 किलोमीटरवर आहे. या अंतराचं निम्मं करा आणि ते रस्त्यावर आडवं न ठेवता आकाशात उभं करा. झाले सुमारे 13,000 फूट. स्कायडायव्हिंग शिकणारा विद्यार्थी साधारण एवढ्या उंचीवर विमानाच्या उघड्या दारात उभा असतो.

दर हजार फुटांना तापमान ढोबळमानाने 2 अंशांनी उतरतं. म्हणजे खाली आपल्याकडचा मे महिन्यातला 45 अंशांचा पारा असेल, तर वर दारात 20 च्या आसपास. अंगावर एकदम गार वारा आदळतो. इंजिनाचा आवाज, इंधनाचा वास, छाती-मांड्यांवर आवळलेले पट्टे, कानाशी ओरडणारा प्रशिक्षक, आणि पायाखाली काहीच नाही. पुढच्या काही सेकंदांत काय झालं, असं उडीनंतर विचारलं की अनेक नवखे एकच सांगतात. आठवत नाही.

याला ‘सेन्सरी ओव्हरलोड’ म्हणतात. मराठीत संवेदनांचा अतिभार म्हणू. डोळे, कान, त्वचा, नाक आणि कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र, हे सगळे एकाच वेळी नवीन माहिती पाठवतात. मेंदूकडे तिची जुनी नोंद नसते. नागपूरच्या गर्दीच्या चौकात पहिल्यांदा गाडी चालवताना असं थोडंफार झालेलं असतं, फक्त तिथे बाजूला थांबता येतं.

हा फक्त भीतीचा प्रश्न आहे का?

नाही. भीती असतेच. वॉल्टर फेन्झ आणि सीमोर एप्स्टाइन या मानसशास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात पॅराशूट उडी मारणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके आणि श्वास मोजले होते. नवख्यांचा ताण उडीच्या क्षणापर्यंत चढत गेला. अनुभवी लोकांचा ताण आधीच शिखरावर पोहोचला आणि दारापर्यंत येता येता उतरला. घाबरतात दोघंही, पण अनुभवी माणसाची भीती दारात येईपर्यंत बरीच ओसरलेली असते.

अतिभार घातक ठरतो तो वेगळ्या कारणाने. मेंदूत ‘आत्ता काय चाललंय आणि पुढे काय करायचंय’ हे धरून ठेवणारी छोटी जागा असते, तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. जॉन लीच आणि रेबेका ग्रिफिथ यांनी 2008 मध्ये मांडलं की पॅराशूट उडीच्या वेळी ही क्षमता आक्रसते, आणि पॅराशूट चांगलं असूनही ते न उघडल्याने होणाऱ्या मृत्यूंमागे हे एक कारण असू शकतं. म्हणजे माणूस बेशुद्ध नसतो. हँडल कुठे आहे हे त्याला जमिनीवर पाठ असतं. नेमक्या क्षणी ते सुचत नाही.

आणि वेळ फार नसतो. पोटावर आडवं पडताना वेग ताशी 190 किलोमीटरच्या आसपास जातो. या वेगाने हजार फूट पार व्हायला 6 सेकंदही लागत नाहीत. विद्यार्थ्याने साधारण 5,500 फुटांवर पॅराशूट उघडायचं असतं, म्हणजे 13,000 फुटांवरून निघाल्यावर हातात सुमारे 45 सेकंद. तिथे उघडलं नाही, तर जमीन आणखी अर्ध्या मिनिटावर.

डोळ्यांवर विश्वास का ठेवायचा नाही?

मला या विषयात सगळ्यात चकित करणारी गोष्ट ही वाटली. आकाशपाळण्यात पोटात गोळा येतो, तसा विमानातून उडी मारताना बहुतेकांना येत नाही. विमान आधीच वेगात असतं, त्यामुळे बाहेर पडताच अंगाखाली वाऱ्याचा दाब मिळतो. शिवाय वेग कळायला जवळून मागे सरकणारी झाडं, खांब लागतात, ते वर नसतात. त्यामुळे आपण पडतोय असं वाटतच नाही, तरंगल्यासारखं वाटतं. जमीन अंगावर धावून येताना दिसते ती शेवटच्या दीड-दोन हजार फुटांत, आणि तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून डाव्या मनगटावर अल्टीमीटर असतो, आणि तो पाहणं ही विद्यार्थ्याची पहिली सवय बनवतात. विमान वर चढतानाही दर हजार-दोन हजार फुटांना काटा पाहायचा, मग खिडकीबाहेर पाहायचं. या आकड्याला शेतं केवढी दिसतात, रस्ता किती बारीक दिसतो, हे मनात जुळवून ठेवायचं. नंतर पडताना तेच दृश्य अगदीच परकं राहत नाही.

मग डोकं ताळ्यावर ठेवायचं कसं?

खरं उत्तर थोडं निराश करणारं आहे. आकाशात गेल्यावर फारसं काही करता येत नाही. जे करायचं ते जमिनीवर. जगभर चालणाऱ्या एएफएफ पद्धतीत, म्हणजे ॲक्सिलरेटेड फ्री-फॉलमध्ये, विद्यार्थी पहिल्याच उडीत स्वतःच्या पाठीवरच्या पॅराशूटनं उतरतो, मात्र पडताना दोन प्रशिक्षक त्याला दोन्ही बाजूंनी धरून असतात. त्याआधी टांगलेल्या पट्ट्यांमध्ये लटकून, लाकडी दारातून उड्या मारून एकाच हालचालीचा कंटाळा येईपर्यंत सराव होतो. कमरेतून कमान करा, हात हँडलला लावा, परत आणा. कंटाळा येणं हाच त्यातला मुद्दा. हालचाल अंगवळणी पडली की तिला कार्यकारी स्मृतीची ती छोटी जागा लागत नाही.

दुसरी युक्ती म्हणजे कामं कमी ठेवणं. पहिल्या उडीत कसरत नसते. क्षितिज पाहा, अल्टीमीटर पाहा, एका प्रशिक्षकाकडे पाहा, दुसऱ्याकडे पाहा. हे एक वर्तुळ. मग हँडलला तीनदा हात लावून पाहा. मग पुन्हा वर्तुळ. वाऱ्यात शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून सूचना हाताच्या खुणांनी येतात. दोन बोटं सरळ म्हणजे पाय लांब करा, एक बोट रोखलेलं म्हणजे पॅराशूट उघडा.

श्वासाकडे मात्र बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. नवखे श्वास रोखून धरतात आणि तो रोखला की अंग लाकडासारखं ताठ होऊन डुगडुगायला लागतं. त्यावर सोपा उपाय म्हणजे दारातून निघताना मोठ्याने ओरडायचं. ओरडायला श्वास सोडावाच लागतो. वर चढताना डोळे मिटून संपूर्ण उडी मनात एकदा संथपणे करून पाहायचा सल्लाही प्रशिक्षक देतात. पैशांची सोय असेल तर आधी विंड टनेलमध्ये काही मिनिटं घालवली की निदान वाऱ्याचा दाब आणि आवाज यांची ओळख झालेली असते. उंचीची भीती त्यात जात नाही.

एवढं करूनही कुणी गोठलाच तर? प्रशिक्षक स्वतः हँडल ओढतो. त्यामागे आणखी एक यंत्र असतं, जे खूप खाली येऊनही वेग कमी झाला नाही तर राखीव पॅराशूट आपोआप उघडतं. यातलं सर्वांत माहितीतलं ‘सायप्रेस’ 1991 मध्ये बाजारात आलं. त्याच्यावर विसंबून मात्र कुणी उडी मारू नये. ते 1,000 फुटांच्या आसपास किंवा त्याहून खाली काम करतं, तेव्हा हाताशी मोजकेच सेकंद उरतात.

सरावाविना पहिली उडी

पुण्याच्या शीतल महाजन यांचं उदाहरण इथे उलटं वाटेल. 18 एप्रिल 2004 रोजी, वयाच्या 21 व्या वर्षी, त्यांनी आयुष्यातली पहिली पॅराशूट उडी थेट उत्तर ध्रुवावर मारली. आधी एकही सराव उडी नाही. उणे 37 अंश तापमानात रशियन हेलिकॉप्टरमधून, सुमारे 2,400 फुटांवरून. एवढ्या कमी उंचीवरून लांबलचक फ्री-फॉल होऊच शकत नाही, हे लक्षात घ्यायला हवं. डिसेंबर 2006 मध्ये त्यांनी अंटार्क्टिकावर उडी मारली, 2011 मध्ये पद्मश्री मिळाली आणि 2018 मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून 13,000 फुटांवरून उडी मारली. नऊवारीचं सगळ्यांना कौतुक वाटतं, पण फडफडणारं एवढं कापड सांभाळत हँडलकडे लक्ष ठेवणं ही मोकळ्या कार्यकारी स्मृतीचीच कमाल. तोवर त्यांच्या गाठीशी शेकडो उड्या होत्या.

उतरल्यानंतर

उडीनंतर लगेच व्हिडिओ पाहायचा आणि लॉगबुकमध्ये आठवेल ते लिहायचं. गाळलेल्या जागा व्हिडिओतून भरतात, आणि पुढच्या उडीत त्याच जागी थोडं जास्त दिसतं. दोन उड्यांमध्ये महिने गेले तर हा फायदा बराचसा वाया जातो. वर्ध्यात काय, विदर्भातून शिकायचं तर दूर जावंच लागतं. हरियाणातल्या नारनौलला किंवा परदेशात जाणार असाल, तर सुट्टी घेताना वाऱ्या-पावसाने वाया जाणारे दिवसही धरा. मोठे आवाज, प्रखर उजेड यांचा तुम्हाला एरवीही त्रास होत असेल, किंवा मायग्रेन असेल, तर ते नाव नोंदवतानाच सांगा. आधी प्रशिक्षकाला बांधून मारायची टँडम उडी घेता येते. त्यात हँडल ओढायची जबाबदारी तुमच्यावर नसते, आणि डोळे उघडे ठेवून नुसतं पाहता येतं.