पानिपतचं शेवटचं पोटभर जेवण

१९ ऑक्टोबर १७६० : दसरा. लढाईला ८७ दिवस बाकी

कुंजपुरा दोन दिवसांपूर्वीच मराठ्यांच्या हाती आलं होतं. यमुनेकाठच्या या गढीत अफगाण बादशहा अहमदशाह अब्दालीसाठी साठवलेली रसद होती, रोकड होती, घोडी होती. एकदम चंगळ. ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली तेव्हा लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून रुपये पाडायची पाळी आली होती; इतका खडखडाट. म्हणून सोनं लुटायच्या दिवशी खरीच लूट पदरात पडल्यावर लष्कराने दसरा झोकात केला. या मोहिमेतला भरल्या पोटी झालेला मोठा सण हाच शेवटचा. कुंजपुरा आज कर्नाल जिल्ह्यात येतं, आणि कर्नाल, पानिपत, बागपत, गाझियाबाद ही पुढच्या गोष्टीतली ठिकाणं दिल्लीभोवतीच्या राजधानी क्षेत्राच्या नकाशावर आहेत.

त्याच आठवड्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठे व दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला. मराठ्यांनी पानिपतला खंदक खणून तळ ठोकला.

नोव्हेंबर

इथे थोडा वाण्याचा हिशोब करू. एका माणसाला दिवसाला अर्धा किलो धान्य धरा. बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकापोरं मिळून तळावर नेमकी किती माणसं होती यावर इतिहासकारांचं एकमत नाही, पण एक लाख धरली तरी रोजचं ५० टन झालं. बैलाच्या पाठीवर एक क्विंटल लादला, तर रोज ५०० बैल तळावर पोचले पाहिजेत. ही झाली माणसं. लढाई पाहिलेला काशीराज पंडित (त्याची ओळख पुढे येईल) मराठ्यांचे ५५ हजार घोडेस्वार सांगतो. घोड्याला दिवसाला निदान आठ किलो चारा-दाणा लागतो, म्हणजे ४४० टन. छावणीत खरी खाणारी तोंडं घोड्यांची होती. माणसांच्या जवळजवळ नऊपट त्यांना लागत होतं, आणि पळीपंचपात्री विकून घोड्याचं पोट भरत नाही.

डिसेंबर

७ तारखेला बळवंतराव मेहेंदळे पडले. मोहिमेचे सेनापती सदाशिवरावभाऊ, म्हणजे भाऊसाहेब, ज्याच्यावर विसंबून होते असा तो माणूस. याच महिन्यात गोविंदपंत बुंदेले गाझियाबादच्या बाजूला मारले गेले. माझ्या मते पानिपतचा निकाल इथेच लागला. अंतर्वेदीतून, म्हणजे गंगा-यमुनेच्या दुआबातून, अब्दालीकडे जाणारं धान्य अडवायचं आणि आपल्याकडे वळवायचं, ही कामगिरी गोविंदपंतांवर होती. ते गेले आणि पलीकडच्या छावणीत गाड्या येऊ लागल्या, अलीकडच्या बंद झाल्या. शाळेत पेशव्यांचा मुलगा विश्वासराव आणि तोफखान्याचा इब्राहिमखान गारदी शिकवतात. हा मामलेदार परीक्षेत येत नाही.

२७ डिसेंबर : १८ दिवस बाकी

पैठणला लग्न लागत होतं. नवरदेव खुद्द नानासाहेब पेशवे, आणि हे त्यांचं दुसरं लग्न. उत्तरेकडच्या बातम्या येणं जवळपास थांबलं होतं. पंगतीत काय वाढलं होतं हे सांगायची गरज नाही. पेशव्यांच्या घरचं लग्न होतं.

१० जानेवारी १७६१च्या आसपास : संक्रांत

होय, चार दिवस आधी. पानिपत संक्रांतीला झालं, त्या दिवशी मराठ्यांवर संक्रांत कोसळली, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणतो. पण इंग्रजी कॅलेंडरात संक्रांत सुमारे ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकते. आज ती १४-१५ जानेवारीला येते, म्हणजे १७६१ मध्ये ती १०च्या सुमारास असणार. लढाईचा दिवस होता पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. सण तळावरच येऊन गेला होता. त्या दिवशी तीळ-गूळ कुणाला मिळाला असेल असं वाटत नाही. लाकूडफाटा आणि चारा आणायला बाहेर पडलेली माणसं पठाणांच्या तावडीत सापडून कापली जात होती.

मंगळवार, १३ जानेवारी : साधारण २४ तास बाकी

सरदार आणि शिपाई भाऊसाहेबांच्या डेऱ्याशी जमले. दोन दिवस पोटात काही नाही, दोन रुपयांना शेरभर धान्य मिळत नाही, असं कुत्र्याच्या मौतीने मरण्यापेक्षा एकदा शत्रूवर तुटून पडू द्या, हे त्यांचं म्हणणं. हे आपल्याला कळतं काशीराज पंडितामुळे. हा मराठी ब्राह्मण अब्दालीच्या बाजूने आलेल्या अवधच्या नवाब शुजाउद्दौल्याच्या पदरी होता आणि त्याने १७८० मध्ये फारसीत सगळी हकिगत लिहिली. तो समोरच्या छावणीत होता, म्हणजे भाऊंच्या डेऱ्यातलं त्याचं सारं ऐकीव. तरी भुकेच्या बाबतीत त्याच्यावर शंका घ्यावी असं दुसरं कुणीही सांगत नाही. भाऊंनी होकार दिला. विडे वाटले गेले.

१३ जानेवारी, रात्र : १२ तास बाकी

कोठारात उरलंसुरलं होतं ते सगळं काढून वाटायचा हुकूम झाला. एक वेळ सगळ्यांनी पोटभर जेवावं, एवढंच.

पोटभर म्हणजे किती? उपाशी माणसाला वाटतं डोंगर खाऊ. पण जठरात एका वेळी दीड लिटरच्या आसपास मावतं. अर्धा किलो पीठ जरी प्रत्येकाच्या वाट्याला आलं असं मानलं, तरी त्यातून मिळतात सुमारे १,७०० कॅलरी. थंडीत दिवसभर तलवार चालवणाऱ्याला याच्या दुप्पट लागतात. आज पानिपतहून दिल्लीकडे निघालात तर वाटेत मुरथलचे ढाबे लागतात. लोण्याचा गोळा घातलेले तिथले तीन पराठे आणि वर लस्सी एवढ्यात हा १,७००चा आकडा सहज गाठता येतो, आणि उठताना लोक पोटावरून हात फिरवत कुरकुरतात की आज जरा जास्तच झालं.

आणि माणूस एका जेवणाने निदान उभा राहतो. महिनाभर वाळलेलं घोडं एका रात्रीत उभं राहत नाही. कित्येक स्वार आता पायीच होते.

१४ जानेवारी, पहाट : ६ तास बाकी

भाऊसाहेबांची शेवटची चिठ्ठी काशीराजाला मिळाली: काही होण्यासारखं असेल तर आत्ताच, नाहीतर साफ नकार कळवा. तो ती शुजाला वाचून दाखवत असतानाच हेर आले. मराठे बाहेर पडत होते. पागोट्यांचे शेव मोकळे सोडलेले, तोंडाला हळद फासलेली.

बेत गोलाच्या लढाईचा होता. बायकापोरं मध्ये, भोवती फौज, तोफा पुढे, आणि लढत लढत यमुनेकडे आणि दिल्लीच्या वाटेवर सरकायचं. म्हणजे जिथे धान्य होतं तिकडे.

मराठे खरंच बाहेर पडताहेत याची अब्दालीला खात्री पटत नव्हती. घोड्यावर बसून तो हुक्का ओढत होता. मराठ्यांच्या तोफांचा आवाज आला तेव्हा त्याने हुक्का नोकराकडे दिला.

सकाळ

इब्राहिमखानाच्या गारद्यांनी अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांची फळी फोडली. भाऊंच्या हुजुरातीने मध्यभागी अब्दालीच्या शाहवली वजिराची फौज उधळली. काशीराज स्वतः तिकडे गेला तेव्हा वजीर घोड्यावरून उतरून जमिनीवर बसला होता, तोंडात माती कोंबत पळणाऱ्या आपल्याच माणसांना शिव्या घालत होता. दुपारपर्यंत मराठे जिंकत होते. हे विसरलं जातं.

दुपारी एक

अब्दालीने राखलेली ताजी फौज सोडली. मराठ्यांकडे राखीव असं काही नव्हतं. ना माणसं, ना घोडी, ना दुपारचा घास. रात्रीचं जेवण केव्हाच जिरलं होतं.

दुपारी दोनच्या सुमारास

विश्वासरावांना गोळी लागली. त्यानंतर तासाभरात मराठ्यांची फौज दिसेनाशी झाली.

संध्याकाळनंतर

अष्टमीच्या चांदण्यात पाठलाग चालू राहिला. दिल्लीच्या वाटेवर लपतछपत जाणाऱ्यांना गावकऱ्यांनीही लुटलं, मारलं.

जे भरतपूरच्या हद्दीत पोचले त्यांना सूरजमल जाट आणि राणी किशोरी यांनी ठेवून घेतलं. जेवू घातलं, अंगावर कपडे दिले, वाटखर्चाला पैसे देऊन ग्वाल्हेरच्या बाजूला लावून दिलं. मोहीम सुरू होताना याच सूरजमलाने भाऊसाहेबांना सल्ला दिला होता की बायकापोरं, बाजारबुणगे आणि जड सामान मागे ठेवा, हवं तर माझ्या किल्ल्यांत ठेवा, आणि सड्या फौजेने पुढे जा.