सिकलसेल आणि लहान मुलांचा मेंदू : स्कॅन काय सांगतो, काय सांगत नाही

विदर्भातल्या वस्त्यांमध्ये सिकलसेल हा शब्द आता नवा राहिलेला नाही. १९ जूनच्या जागतिक सिकलसेल दिनाला शिबिरे होतात, रक्ततपासणी होते, लग्नाआधी दोघांचा पॅटर्न तपासा असे विहारांतूनही सांगितले जाते. पण या आजाराबद्दल बोलताना आपण हातापायांच्या वेदना, कावीळ आणि रक्त चढवणे एवढ्यावरच थांबतो. मेंदूचा विषय निघत नाही. एसएस पॅटर्नचे मूल अभ्यासात मागे पडू लागले की घरचे म्हणतात, सारखे आजारी असते, शाळा बुडते, म्हणून तसे होते. शाळा तर त्याला सरळ 'ढ' ठरवून मोकळी होते. शाळा बुडण्याचा वाटा आहेच. मात्र काही मुलांच्या बाबतीत कारण मेंदूत असते आणि ते एमआरआयवर दिसते. गेल्या तीस वर्षांत यावर बरेच संशोधन झाले आहे. ते कार्यकर्त्यांच्या हाती असावे म्हणून ही माहिती.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करू. पुढे जे लिहिले आहे ते दोन्ही पालकांकडून सिकलचे जनुक आलेल्या, म्हणजे एसएस मुलांबद्दल आहे. एएस म्हणजे वाहक. वाहक मुलांच्या पालकांनी हे वाचून घाबरण्याचे कारण नाही.

मेंदूपर्यंत आजार कसा पोचतो

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच मूळ फरक. त्यामुळे ऑक्सिजन कमी झाला की तांबड्या पेशी कडक होतात, विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर फुटतात. रक्त कायम कमी राहते. कमी रक्तात मेंदूची गरज भागवायची तर मेंदूकडचा प्रवाह वाढवावा लागतो आणि शरीर तो वाढवते. पण लहान वयात मेंदूची ऑक्सिजनची भूक मुळातच मोठी असते. त्यात ताप आला, जंतुसंसर्ग झाला, हिमोग्लोबिन अचानक घसरले, तर आणखी प्रवाह वाढवायला जागा उरत नाही. अशा वेळी मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात, दोन मोठ्या धमन्यांच्या क्षेत्रांच्या सीमेवर, इजा होते. कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेताला पाणी पोचत नाही, तसेच हे आहे.

दुसरा मार्ग धमन्यांचा. मानेतून मेंदूत शिरणाऱ्या मोठ्या धमन्यांचे अस्तर या पेशींच्या माऱ्याने खराब होते आणि धमनी अरुंद होत जाते. ती बंद पडली की उघड पक्षाघात होतो: तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोबडे बोलणे, झटके येणे. प्रतिबंधाचे उपाय येण्यापूर्वी अमेरिकेतल्या एसएस रुग्णांपैकी सुमारे ११ टक्क्यांना वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत असा पक्षाघात झालेला असे. यातले कुठलेही लक्षण दिसले आणि ते दहा मिनिटांत नाहीसे झाले, तरी मुलाला तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यावे. 'बरं झालं, उद्या बघू' म्हणण्यात वेळ जातो.

मूक पक्षाघात

उघड पक्षाघातापेक्षा कितीतरी अधिक आढळणारा प्रकार म्हणजे मूक पक्षाघात. मूल चालते, बोलते, खेळते. डॉक्टरांच्या नेहमीच्या तपासणीत काही सापडत नाही. पण एमआरआयमध्ये मेंदूवर किमान ३ मिलिमीटरचा डाग दिसतो. परदेशातल्या अभ्यासांत एसएस मुलांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यात असे डाग सहाव्या वर्षाच्या आतच आढळले आणि किशोरवयापर्यंत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या पुढे गेले. पालकांना यातले काहीच कळलेले नसते.

डाग बहुधा मेंदूच्या पुढच्या भागातल्या पांढऱ्या द्रव्यात असतो. लक्ष टिकवणे, एकाच वेळी दोन-तीन गोष्टी डोक्यात धरणे, कामाचा क्रम लावणे, पटकन उत्तर देणे ही कामे याच भागावर अवलंबून असतात. म्हणून परिणाम दिसतो तोही तसाच. मुलाला पाढे येतात, पण तीन पायऱ्यांचे गणित मध्येच सुटते. 'वही काढ, तारीख लिही, पान ४२ उघड' असे सांगितले तर वही निघते आणि पुढचे विसरले जाते. पेपर येत असतो, पण वेळ पुरत नाही. आळशीपणा म्हणून ज्याला मार बसतो, त्यातला काही भाग हा असतो.

तपासण्या दोन, कामे वेगळी

पहिली तपासणी ट्रान्सक्रेनियल डॉपलर, थोडक्यात टीसीडी. ही सोनोग्राफीच आहे. कानशिलावर प्रोब ठेवून मेंदूच्या धमन्यांतल्या रक्ताचा वेग मोजतात. सुई नाही, भूल नाही, क्ष-किरण नाहीत. अरुंद नळीतून पाणी जोरात जाते, हेच यामागचे तत्त्व. वेग सेकंदाला १७० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ठीक, १७० ते १९९ असेल तर लक्ष ठेवायचे, २०० किंवा जास्त असेल तर पक्षाघाताचा धोका मोठा. दोन ते सोळा वर्षांच्या एसएस मुलांची ही तपासणी दरवर्षी व्हावी, अशी अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटोलॉजीची २०२० ची शिफारस आहे.

दुसरी एमआरआय. मूक पक्षाघात टीसीडीत दिसत नाही, त्यासाठी एमआरआयच लागतो. त्यातही क्ष-किरण नसतात, पण मुलाला बराच वेळ न हलता पडून राहावे लागते. म्हणूनच त्याच शिफारशींत शाळेत जाऊ लागलेल्या, भुलीशिवाय शांत पडून राहू शकणाऱ्या मुलाचा निदान एक एमआरआय करावा असे सुचवले आहे. माझे मत विचाराल तर आपल्याकडे आधी आग्रह टीसीडीचा धरावा. ते स्वस्त आहे, आणि त्याच्या निकालावर लगेच काहीतरी करता येते.

करता येते हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्टॉप' या अमेरिकन चाचणीने दाखवले. टीसीडीचा वेग वाढलेल्या १३० मुलांचे दोन गट केले. नियमित रक्त चढवलेल्या गटात एकाच मुलाला पक्षाघात झाला, दुसऱ्या गटात ११ मुलांना. फरक इतका ठळक होता की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. पण दर महिन्याला रक्त चढवणे म्हणजे शरीरात लोह साठणे, रक्तपेढीच्या फेऱ्या आणि आईची बुडालेली मजुरी. २०१६ मधल्या 'ट्विच' चाचणीत असे दिसले की किमान वर्षभर रक्त घेतलेल्या आणि धमन्या फार खराब नसलेल्या मुलांना पुढे हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीवर आणता येते. नायजेरियात, जिथे नियमित रक्त मिळणे आपल्यापेक्षाही अवघड, तिथल्या २०२२ च्या अहवालात या गोळीच्या कमी आणि मध्यम अशा दोन्ही मात्रांवर पक्षाघात कमीच राहिले.

आपल्याकडचा सिकलसेल अरब-भारतीय प्रकारचा. त्यात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन रक्तात जास्त टिकते, म्हणून तो सौम्य मानला जातो. अमेरिकेचे आकडे इथे जसेच्या तसे लावू नयेत, हे खरे. पण 'सौम्य' या शब्दावर विसंबून राहणेही धोक्याचे आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झालेल्या मुलांवरच्या अभ्यासांत गंभीर त्रासाची मुले दिसलीच. त्याच महाविद्यालयात किलोमागे १० मिलिग्रॅम या कमी मात्रेतल्या हायड्रॉक्सियुरियाने वेदनेचे झटके कमी होतात हेही सिद्ध झाले. ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्ततपासणी करत घ्यायची असते. बरे वाटले म्हणून ती मध्येच सोडणारी घरे मात्र पुष्कळ आहेत.

बुद्ध्यांक आणि घर

मूक पक्षाघात असलेल्या मुलांचा बुद्ध्यांक तो नसलेल्या एसएस मुलांपेक्षा सरासरी पाच-सहा गुणांनी कमी भरतो. उघड पक्षाघातानंतर घट याहून मोठी असते. आणि एमआरआय स्वच्छ असलेली एसएस मुलेही निरोगी मुलांच्या थोडी मागे असतात, कारण रक्तक्षय वर्षानुवर्षे चालू असतो.

इथे मला समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून सर्वांत महत्त्वाचे वाटते ते २०१४ मधले एक निरीक्षण. अमेरिकेतल्या एसएस मुलांच्या अभ्यासात मूक पक्षाघातामुळे बुद्ध्यांक सुमारे ५ गुणांनी कमी दिसला. घरातल्या कर्त्या व्यक्तीचे शिक्षण महाविद्यालयापर्यंत झाले असेल, तर तो सुमारे ६ गुणांनी जास्त दिसला. म्हणजे मेंदूवरच्या डागाचे वजन आणि घरातल्या शिक्षणाचे वजन जवळजवळ सारखे. डाग पाहून मुलाचे भवितव्य सांगणारा कोणी भेटला, तर त्याला हे जरूर सांगावे. उलट बाजूही आहे. त्याच वर्षीच्या एका मोठ्या चाचणीत नियमित रक्त दिल्याने नवे पक्षाघात १४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले, पण मुलांच्या बुद्ध्यांकात फरक पडला नाही. रुग्णालय पुढची इजा थांबवू शकते. झालेल्या इजेनंतर शिकवण्याचे काम शाळेनेच आणि घरानेच करायचे असते.

बुद्ध्यांक चाचणीबद्दलही जपून असावे. मुलांसाठी भारतात बरीच वापरली जाणारी मालिन यांची चाचणी नागपूरच्याच बालमार्गदर्शन केंद्रात, पाश्चात्त्य चाचणीवरून १९६० च्या दशकात तयार झाली. चाचणी मुलाच्या भाषेत घेतली का, ते आदल्या आठवड्यात वेदनेने झोपले होते का, हे न विचारता नुसता आकडा घेऊन येऊ नये.

शाळेत काय मागायचे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे आणि विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिकाची तरतूद आहे. प्रमाणपत्राची प्रक्रिया लांबते, म्हणून दहावीची वाट न पाहता सातवी-आठवीतच अर्ज करावा. शाळेतल्या आरोग्य तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून मुलाला जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवता येते. वर्गात तर कागद लागतच नाही: पुढचा बाक, एका वेळी एकच सूचना, पाण्याची बाटली जवळ ठेवण्याची आणि लघवीला जाण्याची मोकळीक.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आणि ७ कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठरले. त्यामुळे आपल्या शिबिरांतही पॅटर्न लिहिण्याची नोंदवही आता सगळीकडे असते. त्यात एसएस मुलांसाठी दोन रकाने वाढवता येतील: शेवटचे टीसीडी कधी झाले आणि वेग किती होता, व गेल्या दोन वर्षांत शाळेतले गुण घसरले का. दुसरा रकाना भरायला डॉक्टर लागत नाही. विहाराच्या अभ्यासिकेत रोज त्या मुलाशेजारी बसणाऱ्या ताईला किंवा दादाला तो भरता येतो.