मुलींना दोष देण्याआधी

डॉ. कुरैशा अब्दुल करीम यांचा जन्म १९६० साली दक्षिण आफ्रिकेतील टोंगाट येथे, भारतीय वंशाच्या कुटुंबात झाला. १९९० च्या सुमारास त्यांनी तिथल्या नाताळ भागात एचआयव्हीची पाहणी केली. स्त्रियांमध्ये लागणीचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट निघाले. मुलींना तर ती कोवळ्या वयातच होत होती.

‘मुली बिघडल्या’ म्हणून लोक मोकळे झाले असते. कुरैशा यांनी मात्र विचारले, ही लागण येते कुठून? पुढे विषाणूंच्या जनुकीय अभ्यासातून उत्तर मिळाले: सरासरी आठेक वर्षांनी मोठ्या पुरुषांकडून. अशा नात्यात कंडोमचा आग्रह धरणे मुलीला सहसा जमत नाही.

म्हणून त्यांनी स्त्रीच्याच हाती राहील असे साधन शोधले. २०१० मध्ये ८८९ स्त्रियांवरील त्यांच्या चाचणीत टेनोफोविर या औषधाच्या जेलने लागण ३९ टक्क्यांनी घटली. नंतरच्या मोठ्या चाचणीत जेलचे हे यश टिकले नाही. पण तेच औषध असलेली गोळी आज प्रतिबंधासाठी दिली जाते.

आपण मुलींना सावध राहायला शिकवतो. त्या मोठ्या पुरुषांना जबाबदारी कोण शिकवणार?