चवदार तळे
महाड (रायगड जिल्हा, जवळचे रेल्वे स्थानक वीर) येथील इतिहासप्रसिद्ध सार्वजनिक तळे. सार्वजनिक स्थळी कोणते वर्तन अपराध मानावे, हा प्रश्न येथील सत्याग्रहाने ऐरणीवर आणला. सार्वजनिक निधीतील पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिपरिषदेने १९२३ मध्ये संमत केला. त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केले. पण सवर्णांच्या विरोधामुळे तो ठराव कागदावरच राहिला. अन्य धर्मीयांना मात्र तेथे मज्जाव नव्हता. २० मार्च १९२७ रोजी भीमराव रामजी आंबेडकर यांनी अनुयायांसह तेथील पाणी प्राशन केले. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले, तळ्याचे तथाकथित शुद्धीकरण करण्यात आले आणि ४ ऑगस्ट रोजी नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. डिसेंबरमध्ये दिवाणी न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूमही दिला. बहिष्काराची रूढी अतिप्राचीन असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी त्यांचे अपील फेटाळले. पुढे संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते इ. सार्वजनिक स्थळी भेदभावास मनाई केली व १९५५ च्या अधिनियमाने तो दंडनीय ठरविला. अशा रीतीने पाणी घेणारा नव्हे, तर त्याला अडविणारा अपराधी ठरला.